खारबांधावरची हाक

“...पण शेवटी बोलली काय ती? तेवढंच सांगा. परत तुमच्या दारात उभा राहणार नाही.”

चांगुणामायने वर पाहिलं नाही. ती टोपलीत चिखलाचे गोळे भरत होती. एक गोळा, त्यावर मूठभर पेंढा, परत गोळा.

“माय, ऐकताय ना?”

“ऐकत्ये. कान शाबूत हायेत माझे.”

“मग?”

“बांधावर चल. तिथं बोलू.”

“इथेच सांगा की. चालून काय मिळणार आहे?”

माय हसली. पुढचे दोन दात नव्हते.

“चौदा वरसं माणसं चालवलीस, आणि तूच विचारतोस?”

दिगंबर कर्णिकने पिशवीचा पट्टा सरळ केला.

चौदा वर्षं खरीच. दर रविवारी तो शहरातली दहा-बारा माणसं सकाळच्या गाडीत बसवायचा, कुठल्यातरी छोट्या स्टेशनावर उतरवायचा, पायी हिंडवायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचवायचा. कधी भातशेतांतून, कधी डोंगराच्या कडेने, कधी समुद्राच्या काठाने. या वाटांचं त्याने एक पुस्तकही छापलं होतं. कुठली गाडी, किती अंतर, किती मिनिटं, सगळं त्यात. मंडळी त्याला कर्णिकसर म्हणायची आणि ते त्याला गोड वाटायचं.

तो कायम सगळ्यांच्या पुढे. हातात काठी, काठीला लाल फडकं. फडक्याच्या मागे यायचं, इकडेतिकडे बघायचं नाही.

आणि सगळ्यांच्या मागे त्याची बायको, शरयू.

“ही आमची मालगाडी,” तो चारचौघांत म्हणायचा. लोक हसायचे. तीही हसायची. दुसरं काय करणार?

गेल्या कार्तिकात याच वडखार गावात बारा माणसं आली होती. डहाणूच्या लाईनीवरचं हे लहानसं स्टेशन. उतरून समुद्रावर जायचं, तिथे पोहे खायचे, मग खारबांधावरून स्टेशन गाठायचं आणि एक पाचची शटल पकडायची. खारबांध म्हणजे खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून गावाने घातलेली मातीची लांब भिंत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाचरं, वर एक माणूस चालेल एवढी वाट.

बांधावर बारा माणसं चढली. उतरली अकरा.

स्टेशनावर कर्णिकने मोजणी केली. माणसांची नाही, तिकिटांची. परतीची तिकिटं सगळ्यांची त्याच्याच खिशात असायची, कुणी हरवायला नको म्हणून. काढली, मोजली. बारा. बरोबर. गाडी आली. बायका बायकांच्या डब्यात चढल्या, पुरुष पुरुषांच्या. शरयू पलीकडे बसली असेल, असं त्याने धरून टाकलं. तिचा फोनही त्याच्याच पिशवीत होता. हातात राहिला की ती गवतफुलांचे फोटो काढत बसते, आणि मग उशीर होतो.

विरारला उतरल्यावर कळलं.

मिळेल त्या गाडीने तो उलटा आला. तोवर चांगुणामायच्या झोपडीपुढे गाव जमलं होतं. शरयू अंगणात निजवलेली, अंगावर मायचं लुगडं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

पाय घसरून पडली असणार, असं कर्णिक वर्षभर सांगत आला. हळू चालायची. मागे राहायची. किती वेळा सांगितलं होतं तिला...

लोकांनी ऐकून घेतलं. लेकीने घेतलं नाही.

वर्षश्राद्धाचं बोलणं निघालं तेव्हा वैजू म्हणाली, “बाबा, आईजवळ शेवटी ती म्हातारी होती. आई काय बोलली, ते कधी विचारलंत तिला? विचारून या. नाहीतर श्राद्धाला मी येणार नाही. त्यानंतरही येणार नाही.”

आणि वैजू म्हणजे आईसारखी हसून सोडून देणारी नव्हे.

म्हणून तो आला होता. ही त्याची दुसरी खेप. पहिल्यांदा आपल्या सोयीच्या रविवारी आला, तेव्हा मायने बोटांवर मोजून त्याला परत लावलं होतं.

“आज अष्टमी. भांगेचं पाणी, मेलेलं. बांधाला शिवत पण नाय. पुनव होऊ दे. द्वितीयेला ये, उधाण असतं.”

“मला पाणी बघायचं नाही हो. मला फक्त...”

“द्वितीयेला ये.”

गावातली माणसं गाऱ्हाणी घेऊन मायकडे यायची. कुणाचं भांडण, कुणाचं दुखणं, कुणाची सून नांदत नाही. ती कुणाला बसवून बोलायची नाही. टोपली डोक्यावर घ्यायची, बांधाची वाट धरायची आणि म्हणायची, ये मागून. बांध राखायचं काम गावाने तिच्या सासऱ्याला दिलं होतं. सासरा गेला, नवरा गेला, काम तिच्याकडे राहिलं.

आज द्वितीया होती. तिने टोपली डोक्यावर चढवली.

“ये मागून.”

बांधाच्या तोंडाशी एक बाई गवत कापत होती. तिने कर्णिकला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पायांत भारी बूट, मनगटावर घड्याळ, पाठीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी कागदात गुंडाळलेली पत्र्याची पाटी.

“माय, पावणा कुठचा?”

“चालायला शिकायला आलाय.”

“बूट बघून वाटत नाय हो!”

कर्णिकचे कान तापले. तो झपकन पुढे झाला.

“मागं हो,” माय म्हणाली.

“मी पुढे बरा. वाट पाठ आहे मला.”

“म्हणून तर. मागं हो.”

तो मागे झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यापुढे कुणाची तरी पाठ होती.

माय हळू चालायची. पाय टेकवायची, जरा दाबायची, मग दुसरा उचलायची. कर्णिकचे बूट तिच्या टाचांवर चढायला बघत होते. खाडी भरत चालली होती. पलीकडे भात लोंब्या टाकून उभं होतं.

“माय, हा बांध दोन किलोमीटर तीनशे मीटर आहे. मी मोजलाय.”

“बरं.”

“बावीस मिनिटांत होतो.”

“माझी सकाळ जाते.”

“तुमचं वय झालं.”

“नवी सून होते, तवा पण सकाळच जायची.”

थोडं अंतर गेलं. मायने मान न वळवताच विचारलं, “तुझ्या पुस्तकात हाय म्हणे आमचा बांध?”

“आहे ना! सत्तावीस नंबरची वाट.”

“वाच बघू.”

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं. पान शोधावं लागलं नाही. घसा साफ करून वाचलं,

“‘समुद्रावरून परतताना खारबांध लागतो. बांधावर पाहण्यासारखे विशेष काही नाही. झपाझप चालावे, म्हणजे एक पाचची गाडी मिळते.’”

माय चालत राहिली.

“परत वाच.”

“सगळं?”

“मधलं.”

“...बांधावर पाहण्यासारखे विशेष काही नाही.”

खाचरातून एक बगळा उठला, दोन वाफे सोडून परत बसला.

कर्णिकने पुस्तक मिटलं. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने पाटीवरचा कागद सोडला.

“मी ही पाटी करून आणलीय. शरयूच्या नावाची. बांधाच्या तोंडाशी खांब रोवून लावावी म्हणतो.”

“बांधात खांब?”

“हो. चांगला तीन फूट खोल.”

“म्हणजे भोक पाडणार.”

त्याने पाटी परत गुंडाळली. पाटी परत गुंडाळली.

“आमच्या सासऱ्याने सांगितलं होतं,” माय म्हणाली, “बांध लाटेनं फुटत नाय. लाट सगळ्यांना दिसते, सगळे धावतात. बांध फुटतो खेकड्याच्या बिळानं. बोटाएवढं असतं. एका भरतीत माणूस जाईल एवढं होतं. आणि खारं एकदा आत शिरलं की तीन वरसं भात नाय.”

“हे मला माहीत नव्हतं.”

“विशेष काय नाय त्यात.”



बारा वाजून गेले. पाणी बांधाच्या अर्ध्यावर चढलं होतं. त्याने घड्याळ पाहिलं, थोड्या वेळाने परत पाहिलं.

“माय, आता तरी सांगा. तुम्हाला ती दिसली कशी?”

“मी खालच्या खाचरात होते. वर आले तर बसलेली.”

“दमून?”

“बसलेली.”

“म्हणजे घसरून पडली होती?”

“बसलेली म्हटलं ना!”

आवाज चढला नव्हता, तरी तो दचकला.

“बरं... मग?”

“तिचं तिकीट कुठं होतं रे?”

“माझ्याकडे.”

“फोन?”

“...माझ्याकडे.”

“गाडी किती वाजता ते?”

“मलाच ठाऊक असतं ते. मी सांगतो सगळ्यांना.”

“मंग तिच्याकडं काय होतं?”

पाणी बांधाला लागून चुळचुळत होतं. त्याने बांधावरून चालणारी शरयू आठवून पाहिली. आठवेना. चालताना त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती स्टेशनावर, गाडीची वाट बघताना, धापा टाकत सगळ्यांच्या शेवटी येणारी. आल्या आल्या ती काहीतरी सांगू लागायची. अहो, मघाशी तिथे काय दिसलं माहितीय का... आणि तो म्हणायचा, गाडीत सांग.

गाडीत ती बायकांच्या डब्यात असायची.

माय चालत होती. तिच्या टाचांना खोल भेगा. कर्णिकला आता दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून तो त्या टाचा बघत चालला. उजवी. डावी. उजवी.

डावी टाच उचलली गेली. माय पुढे सरकली.

आणि तिने पाय दाबला होता त्या जागेच्या बगलेला, खाडीच्या पाण्यात, एक बुडबुडा आला.

मग तीन-चार एकदम.

कर्णिक थांबला. वाकला. पाणी तिथे गोल फिरत होतं, वाटीएवढा भोवरा. त्याने वळून भाताच्या अंगाला पाहिलं. बांधाच्या पायथ्याशी करंगळीएवढी गढूळ धार लागली होती आणि खाचराकडे निघाली होती.

बीळ. आरपार. माणसाचा भार पडला की ते तोंड उघडतं, आणि भार टाकणारा तोवर पुढे गेलेला असतो.

“माय!”

ती थांबली नाही.

“माय, इथे भोक पडलंय! पाणी आत चाललंय!”

वारा तिच्याकडून त्याच्याकडे वाहत नव्हता. त्याच्याकडून तिच्याकडे वाहत होता. हाक गेली असणार. तरी माय तशीच चालत राहिली, टोपली डोक्यावर, पाय टेकवत, दाबत.

धार अंगठ्याएवढी झाली. बांधाचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं.

धावत जाऊन तिला आणावं? तेवढ्यात इथे काय होईल? आणि बारा वाजून वीस झालेले. स्टेशन अजून अर्ध्या तासावर. सगळ्याच वाटा एकदम बंद झाल्यासारखं त्याला झालं.

त्याने पिशवी टाकली. पाटी खणकन आपटली. गुडघ्यावर बसला, बांधाच्या कडेची माती नखांनी उकरली, गोळा केला, भोवऱ्यात दाबला. पाण्याने तो गिळला. दुसरा दाबला. तोही गेला. मग त्याने माती मुठीत धरली आणि मूठच आत घातली. मनगट गेलं, घड्याळ गेलं. खालून पाणी हाताला ओढत होतं. कशाची तरी नांगी बोटाला कचकन लागली. त्याने हात आणखी आत रेटला. कोपरापर्यंत.

खाचराकडची धार बारीक झाली. थेंब थेंब झाली. थांबली.

हात जरा सैल केला की परत सुरू व्हायची.

म्हणजे आता इथेच.

तो बांधावर आडवा पडल्यासारखा बसला होता, गाल मातीला लागलेला. धाप लागली होती. तिथून त्याने पुढे पाहिलं. बांध सरळ गेलेला. मायची टोपली लहान होत चालली होती. मुठीएवढी. मग लिंबाएवढी.

इथून लाल फडकं कसं दिसलं असेल... असं त्याच्या मनात आलं आणि त्याला वाटलं, नको, हे नको.

पण दिसलं. अकरा माणसं एका ओळीत, सगळ्यांच्या पाठी, आणि पार पुढे लाल ठिपका. झपाझप. एकही मान वळत नाही. लाल ठिपका तर नाहीच.

बाराव्या माणसाच्या छातीत कळ येते आहे, आणि हात काढता येत नाही.

कर्णिकने दुसऱ्या हाताने तोंड पुसलं. सगळा चिखल तोंडाला लागला. तो रडत होता, आणि पुसायला कोरडं असं त्याच्याजवळ काही नव्हतं. वर्षभर तो रडला नव्हता. भेटायला येणाऱ्यांना पाणी देत, अंतर आणि मिनिटं सांगत बसला होता. बांधाच्या तोंडापासून साधारण सोळाशे मीटर, तो सांगायचा. ती तिथे सापडली.

किती वेळ गेला, कोण जाणे. घड्याळ बिळात होतं.

मग भेगांच्या टाचा त्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबल्या.

माय उभी होती.

त्याला राहवलं नाही. लहान पोरासारखा आवाज निघाला.

“मी हाक मारली...”

मायने त्याच्या कोपरापर्यंत आत गेलेल्या हाताकडे पाहिलं.

“दोनदा मारली मी. वळून बघितलंसुद्धा नाही हो...”

मायने टोपली उतरवली. गुडघे धरून हळूच खाली बसली, त्याच्या अगदी जवळ. टोपलीतला एक गोळा हातात घेतला, पण दाबला नाही.

“हेच,” ती म्हणाली.

“काय हेच?”

“हेच बोलली ती.”

खाडी वर येत होती. पाण्याचा काठ त्याच्या खांद्याला लागला.

लांब, भातापलीकडे, शटलने भोंगा दिला. कर्णिकचं अंग चौदा वर्षांच्या सवयीने उठू पाहिलं. खांदा वर झाला, हात ढिला पडला, आणि खाचराकडे पाणी पुन्हा झुळझुळलं.

मायने त्याच्या दंडावर आपला चिखलाचा हात ठेवला.

“हात काढू नको, बाबा. भरती अजून चढत्येय.”